सही करण्याआधी

माझा धाकटा भाऊ एकदा माझ्याशी एकोणीस दिवस बोलला नव्हता. आम्ही एकाच घरात होतो. २०२३ चा मे महिना होता, लॅपटॉप घेऊन मी पुण्याहून गावी आले होते. समोरासमोर जेवायला बसायचो आणि तो म्हणायचा, "आजी, तिला सांग, मीठ इकडे दे." आजी मीठ स्वतःच उचलून द्यायची आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तिला वाटायचं, भावंडांचं भांडण आहे, मिटेल. पण त्या भांडणाच्या मुळाशी एक व्हिसा होता.

आमचं गाव चिपळूणजवळ. धाकट्याने आयटीआयमधून फिटर ट्रेडची दोन वर्षं केली, मग वर्षभर अप्रेंटिसशिप. त्यानंतर जवळच्याच एमआयडीसीत कंत्राटी काम मिळालं. महिन्याला हातात साडेअकरा हजार यायचे. सहा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवा कागद. कधी नवा कागद यायचाच नाही. मधल्या दिवसांत त्याने पोलीस भरतीसाठी पहाटे धावून पाहिलं, मित्राच्या गॅरेजमध्ये काम केलं, आंब्याच्या पेट्या भरल्या. काम करायला तो कधीच मागे नव्हता. कामच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

माझी परिस्थिती फार वेगळी होती असं नाही. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि कंटेंट रायटर झाले. शब्दामागे पन्नास पैसे. कधी मिक्सरच्या भांड्याचं वर्णन, कधी केसांच्या तेलाचं. गावात कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "कॉम्प्युटरवर लिहिते." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग परमनंट कधी होणार?"

अशा दिवसांत धाकट्याच्या एका मित्राने त्याला एसटी स्टँडजवळच्या एका ऑफिसात नेलं. मोबाईलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तिथल्या माणसाने सांगितलं, दुबईत काम आहे, महिन्याला ऐंशी हजार, पंधरा दिवसांत विमान. खर्च ९५ हजार. त्यातले ५० आत्ता द्यायचे आणि पासपोर्टही जमा करायचा. जायचं व्हिजिट व्हिसावर. "वर्क व्हिसा तिथे गेल्यावर होतो, सगळे असेच जातात."

त्या रात्री घरी कुणी फारसं बोललं नाही. बाबांनी पतपेढीतल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. आईने कपाटातला डबा काढला आणि तिच्या दोन पाटल्या फडक्यात गुंडाळून देवघरापाशी ठेवल्या. निर्णय झाला, असं म्हणावं लागलंच नाही.

बाहेर जाणं आमच्या घराला नवीन नव्हतं. आजोबा तरुणपणी मुंबईला गेले ते गिरणीत लागले. लालबागला गावच्याच माणसांनी मिळून घेतलेली एक खोली होती. पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवायची. कोकणातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या या मनीऑर्डरवर चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबाही त्यांतलेच. एक ट्रंक घेऊन ते गावी परतले आणि शेवटपर्यंत गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांकडे बघत राहिले.

आजी म्हणायची, "तेव्हा मुंबय म्हणजे दुबयच होती गो. पत्र यायला आठ दिस लागायचे."

म्हणून धाकट्याने जाऊ नये, असं मला कधीच वाटलं नाही. घरातलं कुणीतरी बाहेर गेलं म्हणूनच तर आम्ही शिकलो. मी फक्त म्हटलं, "तो कागद मला वाचायला दे."

एकच पान होतं, इंग्रजीत. कंपनीचं नाव होतं, पत्ता नव्हता. कामाच्या रकान्यात फिटर नव्हतं, 'जनरल हेल्पर' होतं. पगाराच्या आकड्याआधी 'अप टू' हे दोन बारीक शब्द होते, म्हणजे ऐंशी हजार ही वरची मर्यादा होती. खाली किती, ते लिहिलंच नव्हतं. राहणं, जेवण, कामाचे तास या सगळ्यांपुढे एकच वाक्य: कंपनीच्या नियमांनुसार. मी जाहिराती लिहिते. काहीही न सांगता खूप काही सांगितल्यासारखं कसं लिहायचं, ते मला माहीत आहे. तो कागद माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी लिहिला होता.

मग मी शोधाशोध केली. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला त्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येते. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. स्टँडजवळच्या ऑफिसचं नाव त्या यादीत नव्हतं. शिवाय यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. आखाती देशांसह काही ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो. त्यांना निघण्याआधी सरकारी कार्यालयाची मंजुरी लागते, तिथे त्यांचे कागद तपासले जातात. दहावी पास माणसाला ही मंजुरी लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे कागद स्वतः वाचू शकतो, असं धरलेलं असतं. आमच्या घरात तेव्हा तीन दहावी पास माणसं होती आणि पाटल्या तरीही देवघरापाशी पोचल्या होत्या.

मी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. बाबांनी पतपेढीचा फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. धाकटा मात्र उसळला.

"ताई, तू पुण्यात बसून शब्द मोजतेस. इथे मी काय मोजू? दिवस?"

मी म्हटलं, "तू फसशील."

तो म्हणाला, "फसलो तरी काहीतरी केलं असं होईल. इथे तर काहीच होत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून अबोला सुरू झाला.

त्याच आठवड्यात त्याचा तो मित्र आणि शेजारच्या वाडीतला एक मुलगा त्याच ऑफिसातून निघून गेले. दहाव्या दिवशी मित्राचा फोटो आला, मागे बुर्ज खलिफा. धाकट्याने तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघितला. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला बघत होते. मीच त्याची वाट अडवली की काय, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा मनात आला.

एकोणिसाव्या दिवशी माझा फोन वाजला. मेसेज धाकट्याचा होता आणि तो बाहेरच्या ओटीवरच बसला होता. वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीचा फोटो, मुंबईचा एजंट, खाली नोंदणी क्रमांक. त्या क्रमांकाभोवती त्याने पेनाने गोल काढला होता. बाकी एक शब्द नाही. मी पोर्टल उघडून क्रमांक तपासला. नाव, पत्ता, मुदत, सगळं जुळत होतं. मी त्याला अंगठा पाठवला. दोन मिनिटांनी तो आत आला आणि म्हणाला, "चहा घेणार?"

त्यानंतरचे सात महिने सोपे नव्हते. मुंबईला ट्रेड टेस्ट झाली. ड्रॉइंग वाचून जॉब करून दाखवायचा होता. पहिल्या वेळी तो नापास झाला. परत येऊन गॅरेजवाल्याच्या शेडमध्ये सराव केला आणि दुसऱ्या वेळी निवड झाली, हेल्पर म्हणून नव्हे, फिटर म्हणून. मग मेडिकल, प्रमाणपत्रांचं साक्षांकन. प्रत्येक फेरीला भाडं, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडीत. एजंटचं शुल्क जीएसटीसकट ३५,४०० रुपये झालं. पाटल्यांपैकी एक शेवटी गहाण पडलीच.

डिसेंबरात करार आला. चार पानं. त्याने पीडीएफ पाठवली आणि या वेळी खाली लिहिलं, "वाच ना."

मी त्याआधी बरंच वाचलं होतं. कॉलेजात कादंबऱ्या, नाटकं, त्यांवरची टीका. पण एखाद्या मजकुरातल्या प्रत्येक शब्दाची किंमत रुपयांत असते, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. काम अबू धाबीत. मूळ पगार १,२०० दिरहॅम, जेवणाचा भत्ता ३००, राहण्याची सोय कंपनीची. एक दिरहॅम तेव्हा साधारण २३ रुपये होता. म्हणजे ३४,५०० रुपये. ऐंशी हजारांच्या निम्मेही नाहीत.

ओव्हरटाइमचं कलम मी त्याला वहीवर मांडून दाखवलं. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर काढतात आणि त्यात किमान पंचवीस टक्के वाढ देतात. मूळ पगार १,२०० म्हणजे तासाला ५ दिरहॅम, वाढीसकट सव्वासहा. रोज दोन तास, महिन्यातले २६ दिवस, म्हणजे ३२५ दिरहॅम. तेच पंधराशे दिरहॅम सगळे मूळ पगारात असते, तर ४०६ झाले असते. महिन्याला ८१ दिरहॅमचा फरक. दोन वर्षांच्या करारात जवळपास ४५ हजार रुपये. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच. त्याने एजंटमार्फत विचारून पाहिलं. कंपनीने मूळ पगार १,२०० चा १,२५० केला. पन्नासच दिरहॅम, पण मागून मिळालेले.

"वाचल्याचे पन्नास," धाकटा म्हणाला. किती दिवसांनी तो हसत होता.

सही करण्याआधी त्याने मला विचारलं, "अजून काही आहे का त्यात?" मी म्हटलं, "बाकी नेहमीचंच आहे." हे वाक्य मला आजही आठवतं.

निघायच्या आठवड्यात आईने मसाला कुटायला घेतला. आमच्याकडच्या मसाल्यात खसखस असते. यूएईत खसखशीला बंदी आहे, विमानतळावर सापडली तर माणूस थेट अडचणीत येतो. मी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "खसखस? लाडवातली?" पहिला डबा घरी ठेवून तिने खसखशीशिवाय पुन्हा मसाला केला. चाखून म्हणाली, "अपुरा लागतोय." तोच अपुरा मसाला, कुळथाचं पीठ आणि आमसुलं घेऊन जानेवारी २०२४ मध्ये धाकटा मुंबईहून विमानात बसला. काचेच्या दारातून तो आत गेला, वळून हात केला, मग गर्दीत दिसेनासा झाला. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "माझ्या बाबांना पोचवायला आम्ही एसटीपर्यंतच जायचो."

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. आपले रात्रीचे साडेदहा वाजले की त्याचे नऊ. तेव्हा त्याचा फोन यायचा. खोलीत सहाजण, त्यांत एक नेपाळचा, दोन केरळचे. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे बंदी असते. तेवढ्या वेळात सावलीत आडवं व्हायचं. पगार वेळेवर बँकेत जमा व्हायचा. ओव्हरटाइम मात्र रोज दोन तास मिळेल हे माझं गणित वहीतच राहिलं. कधी मिळायचा, कधी महिनाभर नाही. घरी तो वीस हजार पाठवायचा आणि आईला सांगायचा, "भरपूर उरतात." पगाराची स्लिप तो फक्त मला पाठवायचा, त्यामुळे किती उरतात ते मला माहीत असायचं.

१२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय गेले. आईने टीव्हीवर बघितलं आणि मला पुण्याला फोन केला, "कुवेत त्याच्यापासून किती लांब?" मी म्हटलं, "तो वेगळा देश आहे गं, खूप लांब." मग मी धाकट्याला फोन करून विचारलं, तुझ्या इमारतीला जिने किती? तो म्हणाला, "दोन. मी आजच मोजले."

त्या गणपतीला आजीने फोन हातात धरून त्याला आरती दाखवली. कॅमेरा सगळा वेळ छताकडे होता. त्याने तक्रार केली नाही. नंतर म्हणाला, "छत दिसलं तरी आवाज घरचाच होता."

नोव्हेंबरमध्ये आजी गेली. पहाटे झोपेतच.

धाकट्याने मला फोन केला तेव्हा तो साइटवर जायच्या बसमध्ये होता. रडला नाही. एकच प्रश्न विचारला, "ताई, किती दिवस मिळतात?"

मला उत्तर पाठ होतं. तीन. आजी-आजोबा गेल्यास तीन दिवसांची भरपगारी रजा. तिकीट स्वखर्चाने. तिसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ. मी ती डिसेंबरातच वाचली होती. ओव्हरटाइमचं कलम वहीत मांडून दाखवलं होतं, ग्रॅच्युइटीचं समजावलं होतं. ही ओळ वाचून मी पुढे गेले होते. तिच्यात मोजण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं होतं. किंवा ती वाचून दाखवायचा धीर झाला नव्हता. खरं कोणतं, ते मलाही सांगता येत नाही.

विमान तीन-साडेतीन तासांचं. पण आयत्या वेळचं तिकीट, मुंबईहून गावापर्यंतचा प्रवास, आणि घरी संध्याकाळपर्यंतच सगळं उरकायचं होतं. तो आला असता तरी आजी दिसली नसती, आणि जायला-यायला त्याची तीन महिन्यांची बचत गेली असती. तो आला नाही. चुलतभावाने त्याला फोनवर अंत्ययात्रा दाखवली. या वेळी कॅमेरा स्थिर होता.

आठवड्याभराने त्याने विचारलं, "तुला तो नियम आधीच माहीत होता ना?"

मी हो म्हटलं. वाटलं, पुन्हा अबोला धरेल. तो थोडा थांबून म्हणाला, "सांगितलं असतंस तरी मी गेलोच असतो. पण जाताना तिच्यापाशी जरा जास्त वेळ बसलो असतो."

कुणी बाहेरगावी नोकरीला निघालं की आपण सगळे पगाराबद्दल विचारतो. मीही तेच केलं, जरा जास्त हुशारीने. एजंटची नोंदणी बघा, व्हिसा कामाचाच आहे ना ते बघा, पासपोर्ट आणि पैसे पावतीशिवाय हातातून सोडू नका, मूळ पगार आणि भत्ते वेगळे करून बघा, हे मी आता गावातल्या चार-पाच मुलांना सांगितलंय. तेवढ्याने माणूस सुखरूप पोचतो आणि ठरलेला पगार मिळायची शक्यता वाढते, आणि ते फार मोलाचं आहे. पण त्यानंतर मी त्यांना रजेचं पानही मोठ्याने वाचायला लावते. घरातल्या सगळ्यांसमोर, म्हाताऱ्या माणसांसमोरसुद्धा. दोन वर्षं काय मिळणार आणि त्या दोन वर्षांत काय हुकू शकतं, हे निघणाऱ्याला आणि मागे राहणाऱ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून. वाचून कुणी थांबलेलं नाही. पण एकजण निघायच्या आधी आठ दिवस नुसता घरी राहिला.

ते व्हिजिट व्हिसावर गेलेले दोघे? शेजारच्या वाडीतला मुलगा मुदत संपल्यावर दंड भरून परत आला, कर्ज अजून फेडतोय. धाकट्याच्या मित्राला मात्र नातेवाइकामुळे चांगलं काम लागलं आणि आज तो माझ्या भावापेक्षा जास्त कमावतो. मी बरोबर होते असं छातीठोक सांगता येऊ नये, एवढं आयुष्य अवघड आहे. पण त्या दोघांपैकी आपण कोणता ठरू, हे पहिल्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात बसून कुणालाच कळलं नसतं. त्या माणसालाही नाही.

जानेवारी २०२६ मध्ये धाकट्याचा करार संपत होता. डिसेंबरात नव्या कराराची पीडीएफ आली. मूळ पगार १,५००. आईची पाटली आधीच सुटली होती. मी त्या वेळी गावी होते. बाबा, आई आणि मी ओटीवर बसलो, फोन स्पीकरवर ठेवला आणि मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. पगार, ओव्हरटाइम, राहणं. मग तिसरं पान. ती खालून चौथी ओळही वाचली. कुणी काही बोललं नाही. फोनमधूनही आवाज आला नाही.

मग आईने विचारलं, "वर्षाची सुट्टी किती?"

"तीस दिवस," मी म्हटलं.

"ती गणपतीत, असं लिहिलंय का त्यात?"

तसं कुठेच लिहिलं नव्हतं. मी पुन्हा एकदा चारही पानं बघितली.

फोनमधून धाकटा म्हणाला, "थांब ताई, सही नको इतक्यात. विचारून बघतो. पन्नास दिरहॅम मागून मिळाले होते, तर हेही मागून बघू."